भांडणाचा बाक

व्हरांड्याच्या मधोमध एक पायरी होती, आणि बाक धरून उलटी चालणाऱ्या मुलीची टाच तिच्यावर आपटली. बाक हलला. दुसरं टोक धरलेली मुलगी समोर तोंड करून चालत होती. तिला पायरी लांबूनच दिसली असणार, पण ती काही बोलली नाही. उलटी चालणारी क्षणभर थांबली, पायाने चाचपत वर चढली आणि मान न वळवता पुन्हा चालू लागली.

आठवीच्या वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी हे पाहिलं. हातातला खडू त्यांनी एका बोटावरून दुसऱ्या बोटावर फिरवला.

बाक जुना, लांब आणि जड होता. एरवी तो हस्तकलेच्या खोलीत भिंतीला लावलेला असे. दर गुरुवारी शेवटच्या तासाला तो आठवीत आणला जाई, आणि ज्या दोघांचं भांडण असेल त्यांनीच तो आणायचा असा नियम होता. नियमामागे बाईंचा काही विचार होता असं नाही. पहिल्या गुरुवारी शिपाईमामांनी बाक आणून दिला होता आणि दुसऱ्या गुरुवारी कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, "बाई, भांडणं यांची आणि कंबर माझी, हे काही जमायचं नाही." तेव्हापासून मुलं आणत होती.

वेळापत्रकात या तासाचं नाव भारदस्त होतं. मुलं त्याला भांडणाचा तास म्हणत. बाईंनी पद्धत एका पुस्तकातून घेतली होती आणि मग मुलांकडे बघत बघत बरीच बदलली होती. बाकाच्या दोन टोकांना दोघांनी बसायचं. मग जागा बदलायच्या. दुसऱ्याच्या जागेवर बसलं की त्याचीच बाजू सांगायची, आणि तीही 'मी' म्हणून, जणू आपण तोच आहोत. ज्याची बाजू सांगितली त्याने "हो, असंच" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोन्हीकडून "हो, असंच" झालं की दोघांनी मिळून "मिटलं" म्हणायचं आणि बाक उचलून परत ठेवून यायचा.

वर्षभरात बाकावर बरंच काही मिटलं होतं. कंपासपेटीतलं कर्कटक कुणी वाकवलं, फोनवरच्या गटातून कुणी कुणाला काढून टाकलं, खेळताना मुद्दाम कुणाला संघात घेतलं नाही. सगळंच खरोखर मिटत होतं का, की शाळा सुटायची घाई असल्यामुळे मुलं 'मिटलं' म्हणत होती, हे बाईंना कधी नक्की कळलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणत, "बाई, माझं आणि माझ्या साडूचं एकदा मिटवून द्या. बाक मी एकटा आणतो." सगळे हसत. बाईही हसत. सरांना हा तास गणितासाठी हवा होता आणि ते त्यांनी कधी लपवलंही नव्हतं.

म्हणूनच आज शेवटच्या रांगेत मोठ्या बाई बसल्या होत्या. तास चालू ठेवायचा की सरांना द्यायचा, हे त्यांना आज ठरवायचं होतं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीची सवय असलेल्या मोठ्या बाईंचे गुडघे मुलांच्या बाकात मावत नव्हते, त्यामुळे त्या तिरक्या बसल्या होत्या.

"तुम्ही चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी इथे नाहीच असं समजा."

ते कुणालाच समजता आलं नाही. मुलं ताठ बसली होती.

दोघींनी बाक फळ्यासमोर टेकवला आणि दोन टोकांना बसल्या. उलटी चालत आलेली ती किल्ली. तिचे वडील चौकात किल्ल्या बनवायचे, कुलपं दुरुस्त करायचे, म्हणून पहिलीपासून हे नाव तिला चिकटलं होतं. किल्ली इतकं हळू बोले की उत्तर द्यायला उभी राहिली की बाईंना दोनदा तरी "जरा मोठ्यानं" म्हणावं लागे. दुसरी मैना. मैना कुणाचीही नक्कल करी. गणिताचे सर, शिपाईमामा, बसच्या दारात उभा राहून ओरडणारा माणूस, फोनवर बोलणारी स्वतःची मावशी. खुद्द मोठ्या बाईंची नक्कल इतकी हुबेहूब होती की एकदा ती ऐकून व्हरांड्यात मस्ती करणारी दोन मुलं पळत वर्गात जाऊन बसली होती.

दोघी पाचवीपासून एका बाकावर बसत. गेल्या आठवड्यात किल्ली उठून खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर गेली होती. कारण विचारलं तर "काही नाही" म्हणाली होती. मैनाच बाईंकडे आली. "बाई, आमचं भांडण बाकावर घ्या ना. ती माझ्याशी बोलतच नाही."

बाईंनी किल्लीला विचारलं होतं, "घेऊ?"

किल्लीने खांदे उडवले होते. बाईंनी तो होकार धरला होता.

"कोण आधी?" आता बाईंनी विचारलं.

"मी," मैना म्हणाली.

दोघी उठल्या आणि त्यांनी जागा बदलल्या. एकमेकींच्या समोरून जाताना किल्ली थोडी बाजूला झाली, तिचा झगा मैनेला लागू नये इतकी.

मैना बसली. तिने दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या, हनुवटी थोडी खाली घेतली आणि एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला. पहिल्या रांगेतून खुसखुस ऐकू आली. मैना अजून बोललीही नव्हती, तरी बाकावर किल्ली बसलेली होती.

"हसायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मी किल्ली," मैनेने सुरुवात केली. आवाज इतका हळू होता की मागच्या मुलांनी माना पुढे काढल्या. "माझ्या बाबांना ऐकू येत नाही. आधी यायचं, मग एकदा आजारी पडले आणि गेलं. शाळा सुटली की मी दुकानात बसते. गिऱ्हाईक बोलतं ते मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगते. ओरडून सांगावं लागतं. 'बाबा, दोन हव्यात!' 'बाबा, कपाटाची आहे!' जाणारे येणारे वळून बघतात. कोण बघतंय ते मी बघत नाही."

खुसखुस थांबली होती.

"शाळेत मी हळू बोलते. मोठ्यानं बोलले तर तोच आवाज येईल, दुकानातला. म्हणून." मैनेने बाही आणखी ओढली. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकीलाच दुकानात येऊ दिलं. ती आली की समोरच्या स्टुलावर बसून मोठ्या बाई करून दाखवायची. बाबांना शब्द कळायचे नाहीत, पण तिचा चेहरा बघून ते हसायचे. हातातली कानस खाली ठेवून हसायचे. ती आली नाही की मला विचारायचे, आज पाखरू कुठं गेलं?"

मोठ्या बाईंनी आपला उल्लेख ऐकला आणि चेहरा होता तसा ठेवला.

"मग त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे तिला म्हणाले, नवीन काहीतरी कर. तिनं हात कानामागे धरला. डोळे बारीक केले. 'आँ? काय म्हणते? कुणाची किल्ली?' असं केलं. मग उठून बाजूला उभी राहिली आणि कानात ओरडणारी मी झाली. एकदा बाबा, एकदा मी. सगळे पोट धरून हसले." मैना थांबली. "मी पण हसले. हसले नसते तर सगळ्यांना कळलं असतं, ती कोणाची नक्कल होती ते."

ज्यांना त्या दिवशी ते दोघं कोण होते हे माहीत नव्हतं, त्यांना आता कळलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने नाक पुसलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या आणि टाळी वाजवली. दोनच टाळ्या, पण मुलांना तेवढी परवानगी पुरली. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मैनेने बाह्या वर सारल्या, हनुवटी उचलली, आणि ती पुन्हा मैना झाली. तिचे गाल लाल झाले होते. सवयीने ती टाळ्या संपेपर्यंत थोडी पुढे झुकून बसली.

बाईंनी टाळी वाजवली नाही. हातात खडू होता म्हणून असेल.

"किल्ली," त्या म्हणाल्या, "असंच होतं का?"

किल्ली बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून टाळ्या वाजवणाऱ्या वर्गाकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "असंच."

"जरा मोठ्यानं बोल गं," मोठ्या बाई प्रेमाने म्हणाल्या.

"असंच," किल्ली पुन्हा म्हणाली. मग तिने बाईंकडे पाहिलं. "बाई, मी तिला एक विचारू?"

पद्धतीत प्रश्न बसत नव्हता. आधी दुसरी बाजू सांगायची होती.

"विचार," बाई म्हणाल्या.

किल्ली मैनेकडे वळली. गेल्या आठवड्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

"मी का हसले ते तुला तेव्हाच कळलं होतं?"

मैनेने तोंड उघडलं. "नाही, म्हणजे, मी नंतर विचार केला ना, तेव्हा..."

"तू माझ्याकडे बघत होतीस. करताना."

पंखा फिरत होता. शेजारच्या वर्गात कुणीतरी पाढे म्हणून घेत होतं.

"कळलं होतं," मैना म्हणाली.

किल्लीने मान हलवली. हिशोब बरोबर आल्यावर हलवतात तशी.

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की वाटत आली होती. दुसऱ्याला काय वाटलं हे कळत नाही म्हणून माणसं दुखावतात, आणि ते कळलं की थांबतात. सगळा बाक त्या एका गोष्टीवर उभा होता. या मुलीला सगळं कळत होतं, अगदी बाहीपर्यंत. आणि तिला किल्लीच्या जागी बसवून पुन्हा एकदा किल्ली करायला बाईंनीच सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग होता. आज सगळा होता, शिवाय मोठ्या बाई.

"आता तुझी पाळी," मागून मोठ्या बाई म्हणाल्या. "मैनेची बाजू सांग हं, बाळ."

किल्ली ताठ बसली. हात मांडीवर ठेवले. मैनेसारखं बसण्याचा तिने काहीच प्रयत्न केला नाही.

"मी मैना," ती म्हणाली. "मी..."

वर्ग वाट बघत होता.

"मला नाही येत, बाई."

"अगं, सोपं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळे मागे लागले म्हणून तिनं केलं, आता तिला वाईट वाटतंय. एवढंच म्हणायचं."

"म्हणते," किल्ली म्हणाली. "पण ते मला माहीत नाही. तिनं का केलं ते मला खरंच माहीत नाही."

"तू सांग मग," शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा मैनेला म्हणाला. "तुझं तूच सांग. का केलंस?"

"तू गप रे," दुसरा म्हणाला. "तूच म्हणत होतास, नवीन कर, नवीन कर."

"तू काय कमी हसलास? डबा सांडला तुझा हसताना!"

"पुरे," बाई म्हणाल्या.

सगळे मैनेकडे बघत होते. तिने वर्गावरून नजर फिरवली, कुणीतरी एखादं वाक्य पुढे सरकवील अशी. मग बाकाच्या लाकडात एक जुनी खाच होती तिच्यात नख घातलं.

"मला पण नाही माहीत," ती म्हणाली.

हा आवाज कुणाचा, ते वर्गाला ओळखता आलं नाही.

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं, असू दे. झालं गेलं गंगेला मिळालं. मैत्रिणी आहात ना तुम्ही? चला, म्हणा दोघी, मिटलं." त्या बाईंकडे बघून हसल्या. हसण्यात टोमणा नव्हता, उलट मदतच होती. एवढा एक शब्द झाला असता तर तास वाचला असता, आणि ते दोन्ही बाईंना माहीत होतं.

मैना लगेच म्हणाली, "मिटलं."

किल्ली बाईंकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. बाई सांगतील तर ती म्हणणार होती. एवढ्या वर्षांत ती बाईंच्या कुठल्याच शब्दाबाहेर गेली नव्हती.

बाईंनी डस्टर उचलला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली तारीख पुसली.

"आज मिटलं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पण..." मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही मिटलं, मोठ्या बाई. कधीकधी नाही मिटत." आणि मग, किल्लीकडे न बघता, "म्हणायची गरज नाही."

किल्लीने श्वास सोडला. बाकाच्या दुसऱ्या टोकाशी बसलेल्या कुणालाही तो ऐकू आला असता. मैनेला आला.

मोठ्या बाई उठल्या. बाकातून बाहेर यायला त्यांना जरा वेळ लागला आणि एका मुलाने दप्तर बाजूला घेतलं. जाताना त्या बाईंच्या टेबलाशी थांबल्या, आवाज खाली आणला.

"बाई, तुमची तळमळ दिसते मला. खरंच दिसते. पण मुलांना एका तासाच्या शेवटी असं अर्धवट घरी पाठवायचं म्हणजे... पुढच्या गुरुवारपासून सरांना देऊ या. परीक्षाही तोंडावर आहे."

"हो," बाई म्हणाल्या.

"मनाला लावून घेऊ नका."

"नाही."

मोठ्या बाई गेल्या आणि घंटा झाली. एकाच वेळी सगळ्या वर्गांची दारं उघडली. आठवीची मुलं दप्तरं पाठीवर टाकत बाहेर पडली. एरवी बाकावरच्या दोघांभोवती घोळका राहायचा, चिडवाचिडवी व्हायची. आज बाकाला वळसा घालून सगळी गेली.

दोघी अजून दोन टोकांना बसल्या होत्या.

"राहू दे बाक," बाई म्हणाल्या. "मी शिपाईमामांना सांगते."

"त्यांची कंबर," किल्ली म्हणाली.

ती उठली. मैनाही उठली. दाराकडचं टोक धरणाऱ्याला आता उलटं चालावं लागणार होतं. किल्ली ते धरायला वळली तोवर मैना तिथे येऊन वाकलीही होती. दोघींनी बाक उचलला. मैना पाठ दाराकडे करून उलटी चालू लागली.

बाई डस्टर हातात घेऊन मागोमाग आल्या आणि दाराशी थांबल्या. व्हरांडा भरून वाहत होता. पाचवीची मुलं धावत होती, कुणी पाण्याच्या बाटलीने भिंत बडवत होतं, कुणी भावाला हाका मारत होतं. बाक बघून मुलं दोन बाजूंना होत आणि पुन्हा मागे मिसळत. मैना मान वळवून मागे बघण्याचा प्रयत्न करत होती, पण बाक जड होता आणि वळलं की हात सुटत होता. तिने तो प्रयत्न सोडला आणि नुसती चालू लागली. नजर समोर किल्लीवर होती. किल्लीची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे होती.

पायरी जवळ आली. येताना ती वर चढायची होती, टाचेला नुसती लागली होती. आता खाली होती. उलट्या चालणाऱ्याच्या पायाखालून जमीन जाईल अशी.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. इथून हाक मारली तरी त्या गलक्यात ती पोचली नसती. पोचली असती तरी त्यांनी मारली असती का, हे त्यांना सांगता आलं नसतं.

किल्लीची पावलं हळू झाली. तिचे ओठ हलले. काहीतरी म्हणाली असावी, तिच्या नेहमीच्या आवाजात. मैनेला ऐकू आलं नाही. तिने पुढचं पाऊल मागे टाकायला उचललं.

"मैने, पायरी आहे!"

तो आवाज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. जाड, चिरका, प्रत्येक अक्षर वेगळं पाडणारा, ऐकू न येणाऱ्याच्या कानासाठी घडलेला. धावणारी मुलं थांबली. भिंत बडवणारा थांबला. पुढे गेलेली आठवीची टोळी जिन्याच्या तोंडाशी वळली आणि बघत राहिली. जिन्याजवळ गणिताचे सर हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन उभे होते, तेही वळले.

किल्लीने कोण बघतंय ते बघितलं नाही.

मैनेचा पाय हवेत थांबला होता. तिने तो हळूच खाली सोडला, पायरीची कड चाचपली, पाऊल टेकवलं. मग दुसरं. बाक तिच्या बाजूने खाली झुकला. किल्लीने आपलं टोक उचलून धरलं, ती उतरेपर्यंत.